दप्तर कोणाच्या डोक्यावर?

आपल्या इतिहासलेखनात कुरकुरीला जागा नाही. शिलालेखाला आहे, ताम्रपटाला आहे, सनदेला आणि महजराला आहे. आमच्या अंबाजोगाईपुरते बोलायचे तर यादवांचा सेनापती खोलेश्वर याचे लेख आहेत, दासोपंतांची पासोडी आहे. त्यांच्यावर विद्वानांनी भरभरून लिहिले आणि ते योग्यच झाले. पण जो माणूस दुसऱ्यांच्या नोंदी वाहतो, सांभाळतो, उतरवून घेतो, त्याची स्वतःची नोंद कोठे असते? मजुरीबद्दल, अपमानाबद्दल, रात्री-अपरात्रीच्या हाकेबद्दल त्याने जी कुरकुर केली ती कोणत्या रुमालात बांधून ठेवली आहे?

इतिहासाचा शिक्षक म्हणून हा प्रश्न गेली काही वर्षे माझ्या मागे लागला आहे. तो ग्रंथालयात सुचलेला नाही. तहसील कचेरीच्या आवारात, पंचायत समितीच्या व्हरांड्यात आणि आसपासच्या ग्रामपंचायतींच्या खोल्यांत संगणकापुढे बसलेल्या मुलामुलींशी बोलताना तो उभा राहिला. त्यांतले काही आमच्याच महाविद्यालयातून पदवी घेऊन गेलेले. भेटले की गाऱ्हाणे सुरू होते. सर, चार महिने मानधन नाही. सर, सर्व्हर बंद आणि शिव्या मला. सर, आम्ही नेमके कोणाचे नोकर तेच कळत नाही.

हे शेवटचे वाक्य ऐकले की मला संगणकाच्या फार मागचे काही ऐकू येते. गाऱ्हाणे नवे असले तरी त्याचा सांगाडा जुना आहे, आणि तो आपल्या ओळखीचा आहे. तोच येथे उलगडून दाखवावयाचा आहे.

१

गावगाड्यात नोंदीला दोन हात होते. एक लिहिणारा, एक वाहणारा. लिहिणारा हात कुलकर्ण्याचा. आमच्या मोगलाईत त्याला पटवारी म्हणत. वाहणारा हात महाराचा. पटवारी रुमाल बांधी आणि येसकर तो डोक्यावर घेऊन ठाण्याला, तालुक्याला नेई. वसुलाची रक्कम नेण्यासाठी महार, सरकारी कागद पुढच्या गावी पोचविण्यासाठी महार, शिवेचा तंटा पडला की हद्द दाखविण्यासाठी महार. शेताची खूण, बांधाचा दगड, कोणत्या ओढ्यापासून कोणत्या झाडापर्यंत गावाची हद्द, हे सारे त्याच्या डोक्यात असे. आजच्या भाषेत बोलायचे तर गावाचा माहितीसाठा त्याच्या स्मरणात होता; त्यावरची मालकी मात्र पटवाऱ्याच्या बोरूकडे होती.

निजामी राज्यात ही दरी आणखी रुंद होती. गावचा हिशेब मोडीत, वरच्या कचेरीचा कारभार आधी फारसीत आणि १८८४ नंतर उर्दूत. म्हणजे दप्तराच्या दोन लिप्या. आमच्या माणसाला दोन्ही बंद. ज्याच्या डोक्यावर दप्तर, त्याला दप्तरातले अक्षर वर्ज्य. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये १८८३ साली लेखणीच्या एका फटकाऱ्यात कुणब्याची जमीन कशी जाते ते दाखविले. कुणब्याची ती गत होती, तर ज्याची जमीनच वतनाच्या अटीवर होती त्या महाराची काय असेल?

या दरीवर लोकांनी देवाची कथा पांघरली आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंताने दुष्काळात सरकारी कोठार लुटविले, तेव्हा विठू महाराच्या रूपाने पांडुरंगाने बेदरच्या दरबारी पैसे भरले आणि पावती आणली, अशी ती कथा. आमच्या गावचे थोर संतकवी दासोपंत यांच्याबद्दलही अशीच कथा सांगतात. तेथे दत्ताने पाडेवाराचे रूप घेतले. महारांच्या बावन्न हक्कांची सनद बेदरच्या पातशहाने दिली, हीही परंपरा याच धाग्यात ओवलेली. भाविकाने त्यात भक्ती पाहावी. मला त्यात दुसरेच दिसते. देवालाही सरकारात रक्कम भरून पावती आणावयाची झाली तेव्हा त्याला महाराचे रूप घ्यावे लागले, कारण ते काम महाराचेच होते. आणि काम संपताच देव देव झाला, महार महार राहिला.

जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीला आपल्याकडे लोक अजून ‘कोतवाल बुक’ म्हणतात. सरकारी भाषेत तो गाव नमुना क्रमांक १४. घरोघर फिरून कोण जन्मले, कोण मेले याची वर्दी देणारा कोतवाल, आणि वर्दी ऐकून वहीत उतरविणारा दुसराच. वहीला नाव मात्र वर्दी देणाऱ्याचे पडले. लोकांच्या जिभेने केलेला हा एक छोटासा न्याय आहे. आज जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातीच्या मुलाला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधत फिरावे लागते, तेव्हा त्याच वहीच्या नकलेसाठी तो रांगेत उभा असतो. त्याच्या पणज्याने तोंडी दिलेली वर्दी तो शिक्क्यासकट विकत घेतो.

२

या कामाची मजुरी काय होती? हा प्रश्न पहिल्यांदा नीट मांडला तो बाबासाहेबांनी. १९२७ साली ‘बहिष्कृत भारता’तून त्यांनी महार वतनाची चिरफाड केली, आणि १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. त्यांचे म्हणणे सोपे होते. महार काम सरकारचे करतो, एका खात्याचे नव्हे तर सगळ्याच खात्यांचे करतो. पण त्याचे पोट भरावे रयतेने बलुत्यातून. बलुते द्यावयाचे की नाही हे गावाच्या मर्जीवर. कामाला वेळ नाही. दिवसाचे चोवीस तास तो सरकारचा बांधील, आणि तो घरी नसला तर घरातल्या दुसऱ्या माणसाला हाक. सरकारकडे मजुरी मागावी तर सरकार गावाकडे बोट दाखविते. गावाकडे मागावी तर गाव बहिष्काराची काठी उगारते. निवड समितीने विधेयकाचा आत्माच काढून घेतला तेव्हा १९२९ साली बाबासाहेबांनी ते मागे घेतले.

त्याआधी कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली दोन घाव एकदम घातले होते. कुलकर्णी वतन रद्द केले आणि महार वतनाची बेडीही तोडली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी अस्पृश्य समाजातल्या तरुणांना तलाठ्याच्या जागा दिल्या. दप्तर ज्याच्या डोक्यावर होते त्याच्या हातात दिले. महाराजांना नेमके कळले होते की नुसते ओझे उतरवून भागत नाही, लेखणीही हाती यावी लागते.

आम्हा मोगलाईतल्यांच्या वाट्याला हे उशिरा आले. जुन्या मुंबई राज्याच्या मुलखात कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने, १ ऑगस्ट १९५९ पासून गेली. मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा १९५४ चा इनाम निर्मूलन कायदा आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्या यांचा फेरा होता. वतन गेले, पण काम कोठे गेले? ते कोतवालाकडे गेले. आणि कोतवालाला पगार मिळाला नाही, मानधन मिळाले. चतुर्थ श्रेणीत घ्या, ही कोतवालांची मागणी दशकानुदशके मोर्च्यांच्या फलकांवर आहे.

हा ‘मानधन’ शब्द वाचकांनी नीट ध्यानात ठेवावा. ज्याला मान द्यावयाचा नाही आणि धनही द्यावयाचे नाही, त्याच्यासाठी मराठी सरकारी भाषेने हा शब्द घडविला आहे. पगार म्हटला की नोकर आला, नोकर आला की रजा आली, निवृत्तिवेतन आले, न्यायालय आले. मानधनात यांतले काही येत नाही.

३

आता संगणकाकडे येऊ.

२०११ साली महाराष्ट्रात ‘संग्राम’ प्रकल्प आला. प्रत्येक ग्रामपंचायतीचा कारभार संगणकावर आणावयाचा होता. राज्यात ग्रामपंचायती सत्तावीस हजारांवर. त्यांत संगणक परिचालक म्हणून बारावी, पदवी झालेली खेड्यातली मुले-मुली बसविली. हा प्रकल्प २०१५ अखेर संपला आणि २०१६ पासून ‘आपले सरकार सेवा केंद्र’ आले. फलक बदलला, खुर्चीवर बहुतेक ठिकाणी माणूस तोच राहिला. नव्या व्यवस्थेत ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून एका केंद्रापोटी दरमहा १२,३३१ रुपये भरावयाचे, ते मधल्या कंपनीकडे जावयाचे, आणि परिचालकाच्या हाती सहा हजार पडावयाचे. पुढे आंदोलने झाली, मोर्चे झाले, आकड्यात थोडी थोडी वाढ झाली. पण पैसा गावाचा, काम सरकारचे, मधे कंपनी, ही रचना वर्षानुवर्षे चालली.

काम कोणते? ग्रामपंचायतीचे एक ते तेहतीस नमुने संगणकात भरणे हे मूळ काम. त्यावर घरकुलाच्या याद्या, जन्म-मृत्यूचे दाखले, रहिवासाचे दाखले, रोजगार हमीची माहिती. २०१७ साली कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन झाले तेव्हा नवराबायकोचे अंगठे घेता घेता केंद्रांवर रात्री झाल्या. २०२४ साली लाडक्या बहिणीचे अर्ज आले. दिवसा सर्व्हर चालेना म्हणून रात्री बारानंतर अर्ज भरावयाचे. ओटीपी आईच्या नावावरच्या मोबाइलवर येणार, तो मोबाइल मुलाकडे, मुलगा ऊसतोडीच्या फडावर किंवा पुण्यात वॉचमन. त्याला फोन लावून आकडे मिळेपर्यंत त्यांची मुदत संपलेली. बाहेर दीडशे बाया उभ्या, आणि त्यांच्या दृष्टीने सरकार म्हणजे समोर बसलेली ही पोर.

त्यांच्या कुरकुरी मी लिहून ठेवतो. एक मुलगी म्हणाली, पासवर्ड दुसऱ्याचा, सही दुसऱ्याची, चूक झाली की माझी. एक मुलगा म्हणाला, प्रिंटर बिघडला, कागद संपला, की माझ्याच खिशातून; बिल दिले तर साहेब म्हणतात कंपनीला विचारा, कंपनी म्हणते ग्रामपंचायतीला विचारा. एकाला निवडणुकीच्या काळात एकाच दिवशी तीन कार्यालयांतून बोलावणे आले, तिन्हीकडे तातडीचे. एकीने सांगितलेले मी विसरू शकत नाही. ती आजारी पडली तेव्हा ग्रामपंचायतीतून निरोप आला: तुझ्या भावाला संगणक येतो ना, त्याला पाठव.

बाबासाहेबांनी मांडलेली वतनाची गाऱ्हाणी येथे पुन्हा वाचावीत. काम सरकारचे, पोट दुसऱ्याच्या मर्जीवर. एक नोकर आणि सगळी खाती मालक. वेळेचा हिशेब नाही. आणि हा नसेल तर त्याच्या घरातला दुसरा. वतनाचा कायदा मेला आहे. वतनाची रीत जिवंत आहे.

येथे कोणी म्हणेल, परिचालक काय सगळे दलित आहेत? नाहीत. मराठा आहेत, वंजारी आहेत, माळी, धनगर, मुसलमान आहेत. मीही तेच म्हणतो. येसकराच्या ज्या जागेवर एकाच जातीला जन्माने बांधून ठेवले होते, त्या जागेवर आज बेकारीने सगळ्या जातींच्या पोरांना आणून बसविले आहे. जातिव्यवस्थेने श्रम फुकटात घेण्याची जी युक्ती शोधली ती इतकी सोयीची ठरली की राज्याने ती जातीबाहेरही वापरावयास घेतली. आमच्या बापजाद्यांचे दुःख हे ‘त्यांचे’ दुःख आहे असे समजून ज्यांनी मान फिरविली, त्यांच्या नातवंडांच्या दारात ते आले आहे. याचा आनंद मानण्याइतके आम्ही कोते नाही. पण हे दुःख कोठून आले ते त्यांना सांगणे आमचे काम आहे, कारण त्याची माहिती आमच्याकडे आहे.

एवढ्याने संगणक वाईट असे ठरत नाही. सातबाऱ्यासाठी आठ आठ दिवस तलाठ्याच्या सज्जाला खेटे घालणे, ‘उद्या ये’ ऐकणे, उंबऱ्याबाहेर उभे राहणे हे आमच्या लोकांनी भोगले आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. पंधरा रुपये भरले की कोणाचे तोंड न पाहता कागद हाती येतो. ही लहान गोष्ट नव्हे. पण तो कागद संगणकात चढविताना तलाठ्यांनीही काय सोसले ते पाहावे. हस्तलिखित सातबारा आणि संगणकातला सातबारा जुळेना, म्हणून २०१७ साली गावोगाव चावडी वाचन करावे लागले. सर्व्हरची गती आणि आज्ञावलीतल्या अडचणी हे तलाठी संघटनेच्या आंदोलनांचे विषय झाले. लेखणीवाल्याचीही कुरकुर आता वाहणाऱ्यासारखी होऊ लागली आहे.

४

आमची जी मुले यातून वर गेली, पुण्यात हिंजवडीला, बंगळूरला, त्याहून पुढे परदेशात गेली, त्यांचे काय? त्यांचा पगार पगार आहे, मानधन नाही. घर बांधले, बहिणीचे लग्न केले. मोठमोठ्या बँकांचे, विमा कंपन्यांचे माहितीसाठे ते सांभाळतात. त्यांचीही कुरकुर असतेच. साठा रात्री दोनला कोलमडला की फोन येतो. नीट चालला तर सांभाळणाऱ्याचे नाव कोणाला ठाऊक नसते, बंद पडला की सगळ्यांना ठाऊक होते. ही तक्रार त्या धंद्यातल्या सगळ्यांची, जगभरची आहे.

आमच्या मुलांची मात्र तिच्याखाली आणखी एक असते आणि ती फोनवर हळू आवाजात सांगितली जाते. आडनाव विचारतात. आडनावाने कळले नाही तर गाव विचारतात, मग गावात घर कोणत्या बाजूला ते विचारतात. जेवणाच्या टेबलावर आरक्षणाचा विषय निघतो आणि गुणवत्तेवर प्रवचन होते. खासगी कंपन्यांत आरक्षण नाही, मग हे प्रवचन कोणासाठी? सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे आठवतो. वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठविले, पात्रता सारखी, नावे वेगवेगळी. दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण हिंदू नावाच्या अर्जाच्या सुमारे दोनतृतीयांश निघाली. गुणवत्ता अर्जात होती. वाचणाऱ्याने नाव वाचले. २०२० साली कॅलिफोर्निया राज्याने सिस्को कंपनीवर एका दलित अभियंत्याच्या बाजूने जातिभेदाचा दावा लावला. २०२३ साली त्यातल्या दोन व्यवस्थापकांवरील दावा राज्याने मागे घेतला, कंपनीवरचा ठेवला. न्यायालयात काय ठरावयाचे ते ठरो. पण जात विमानाने समुद्र ओलांडून गेली, हे तेथल्या सरकारी कागदावर आले.

५

आता सर्वांत महत्त्वाचे. माहितीसाठ्यात काय नाही?

मराठवाड्यातल्या भूमिहीन दलितांनी गायरान जमिनी कसल्या. दादासाहेब गायकवाडांच्या काळातले सत्याग्रह, १९५३ चा, १९५९ चा, १९६४-६५ चा, यांना आमच्या भागाने माणसे दिली, तुरुंग भरले. पुढे एकनाथ आवाडांनी बीड जिल्ह्यात हा प्रश्न पुन्हा पेटविला. २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय सांगतो की १४ एप्रिल १९९० पर्यंतची अनुसूचित जाती-जमातींच्या भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करावीत. त्यासाठी पुरावा काय? गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही. ती नोंद करावयाची कोणी? तलाठ्याने. अनेकांची ती झालीच नाही. माणूस तीस-चाळीस वर्षे जमीन कसतो, दंडाची पावती जपून ठेवतो, पण वहीत नाही म्हणून तो नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून पीक पाहणी मोबाइलवर आली. सातबारा ज्याच्या नावे त्याने आपले पीक नोंदवावे. गायरान कसणाऱ्याच्या नावे सातबारा नाही, म्हणून पेरा नाही. पेरा नाही म्हणून विमा नाही, सरकारी खरेदी नाही. कापूस शेतात उभा आहे आणि संगणक म्हणतो तेथे काही नाही.

नोंदी सापडत नाहीत, असे उत्तर मिळते. पण आपण नुकतेच काय पाहिले? २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी मराठवाड्यातली निजामकालीन दप्तरे उघडली. मोडी वाचणारे शोधले, उर्दू-फारसी वाचणारे शोधले. काही आठवड्यांत १ कोटी ७२ लाख कागद तपासले आणि कुणबी असल्याच्या ११,५३० नोंदी मिळाल्या, असे ऑक्टोबर अखेर मुख्यमंत्र्यांनी सांगितले. त्या मागणीच्या गुणदोषांत मी येथे शिरत नाही. मी एवढेच पाहतो की राज्याच्या मनात आले की शंभर वर्षांपूर्वीची मोडी अक्षरे बोलू लागतात. मग १९९० ची गायरानाची पावती मुकी का राहते?

म्हणून संगणकापुढच्या आपल्या मुलामुलींना माझे सांगणे आहे. पगार मागा, नेमणुकीचा कागद मागा, मधला दलाल काढा म्हणा. ते तर मागितलेच पाहिजे. पण तुमच्या बोटाखाली जी यादी आहे तीत आपल्या गावातले कोण नाही, हेही पाहा. ज्या म्हातारीचे नाव आधारवर एक आणि शिधापत्रिकेवर दुसरे आहे म्हणून घरकुल अडले, तिची ओळ दुरुस्त करण्याचा अर्ज तुम्हीच लिहू शकता. १-ई मध्ये नाव नसलेल्यांची यादी तुम्हीच करू शकता. तुमच्या पणज्याला शिवेचा प्रत्येक दगड ठाऊक होता आणि अक्षर ठाऊक नव्हते. तुम्हाला अक्षर ठाऊक आहे. शिवेची ओळख विसरू नका.

आणि आपल्या कुरकुरी लिहून ठेवा, तारखेसकट. मानधन कोणत्या महिन्याचे कधी मिळाले, कोणी कोणत्या रात्री कशासाठी बोलावले, कोणाच्या चुकीबद्दल कोणाला नोटीस आली. पुढचा इतिहासकार सरकारी अहवाल उघडील तेव्हा त्याला एवढेच दिसेल की इतक्या हजार ग्रामपंचायती ऑनलाइन झाल्या. त्या कोणाच्या झोपेवर झाल्या, हे तुमच्या वहीशिवाय कोठेच नसेल.